नऊ पात्रांचे नाटक बसवताना

हौशी मंडळात संहितेच्या झेरॉक्स प्रती वाटल्या, की पहिल्या दहा मिनिटांत एक ठराविक दृश्य दिसते. प्रत्येक जण पाने उलटत आपल्या पात्राचे नाव शोधतो, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि मनातल्या मनात संवाद मोजतो. ज्याच्या वाट्याला साठ संवाद आले तो खुशीत असतो. ज्याच्या वाट्याला अकरा आले तो चहा सांगायला बाहेर पडतो. एकच नायक असलेल्या नाटकात ही मोजणी फारशी आड येत नाही. मात्र सात, नऊ किंवा बारा पात्रे जवळजवळ सारख्या वजनाने वावरतात अशा नाटकात ती पहिल्याच दिवशी घात करते, कारण तेथे कोणत्याही क्षणी एक जण बोलत असतो, बाकीचे ऐकत असतात आणि त्या ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरूनच प्रेक्षक बोलणाऱ्याच्या शब्दाची किंमत ठरवतात. म्हणून न बोलणाऱ्या नटाचे काम आधी ठरवावे आणि बोलणाऱ्याचे त्यानंतर, या एकाच गोष्टीभोवती पुढील सर्व पायऱ्या आखलेल्या आहेत.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर किंवा एखाद्या एकांकिका स्पर्धेत उतरणारे, नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमीला जमणारे मंडळ डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. ज्यांना हेच काम कॅमेऱ्यासमोर करायचे आहे त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळा मजकूर दिला आहे.

संहिता निवडताना

पात्रे पुष्कळ आहेत एवढ्यावरून नाटक समूहाचे ठरत नाही. दहा पात्रांपैकी आठ जण नायकाला निरोप सांगण्यापुरते येत असतील, तर ते एकाचेच नाटक होय. पारख करण्याची साधी रीत अशी, की एकेक पात्र क्रमाने वगळून कथानक तोंडी सांगून पाहावे. ज्याला वगळल्यावर काहीच अडत नाही ते पात्र भरतीचे समजावे, आणि अशी दोनांहून अधिक पात्रे निघाली तर दुसरी संहिता पाहावी.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते १९८५ मध्ये रंगमंचावर आले. घरातला कर्ता पुरुष गेल्यानंतर वाड्यात जमलेल्या देशपांडे कुटुंबातून चंदूला वगळून पाहावे. तो फार बोलत नाही, पण घरातले अंगमेहनतीचे काम त्याच्या माथी आहे आणि त्याच्या पायाची जखम चिघळत जाते. तो नसेल, तर भास्कर आणि सुधीर यांच्यातला तेराव्याच्या खर्चाचा वाद केवळ हिशेबाचा वाद उरतो. दादीला वगळले, तर घराची मागची पिढीच नाहीशी होते. प्रभा, अंजली, वहिनी, रंजू, पराग यांपैकी कोणालाही हात लावला, तरी कुठली ना कुठली भिंत ढासळतेच.

निवड करताना आणखी एक विचार करावा. स्त्री-पात्रे किती, वयस्क पात्रे किती आणि आपल्याकडे खरोखर कोण उपलब्ध आहे, हे ताळून पाहावे. पंचविशीतल्या मुलाच्या केसांना पांढरा रंग लावून आजोबा उभा करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. एकच असा आजोबा प्रेक्षक चालवून घेतात. परंतु एका कुटुंबात तिघे असे असले, की स्नेहसंमेलनाचा वास येऊ लागतो.

दोन रंगांचे कोष्टक

संहिता ठरल्यावर पात्रनिवडीआधी एक मोठा कागद घ्यावा. उभ्या रकान्यांत पात्रे आणि आडव्या ओळींत प्रवेशांचे तुकडे लिहावेत. एखाद्याची एन्ट्री किंवा एक्झिट झाली, की नवा तुकडा धरावा. जो तुकड्यात बोलतो त्याच्या चौकटीत लाल खूण करावी आणि जो केवळ हजर असतो त्याच्या चौकटीत निळी. तासाभराच्या एकांकिकेतही असे पंचवीस-तीस तुकडे सहज निघतात.

या कोष्टकाचे तीन उपयोग होतात. कोणत्या दिवशी कोणाला तालमीला बोलवायचे ते त्यातून निघते. कपडे बदलायला कोणाला किती वेळ मिळतो तेही दिसते. तिसरा उपयोग सर्वांत मोलाचा आहे : निळ्या चौकटींची सलग रांग ज्या पात्राच्या रकान्यात लागते, तेथे दिग्दर्शकाचे खरे काम आहे, कारण लेखकाने त्या नटाला रंगमंचावर बसवून ठेवले आहे आणि करायला काहीच दिलेले नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे असे कोष्टक करून पाहावे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ‘रंगायन’ने १९६७ मध्ये केलेल्या या नाटकात खोटा खटला सुरू झाल्यावर जवळजवळ सगळी पात्रे सतत समोर असतात, त्यामुळे कागद निळा-लाल भरून जातो. खटल्यात आरोपी ठरवलेल्या बेणारेच्या शेवटच्या स्वगतात तर इतर सर्व जण थिजलेले असतात. पुतळा होऊन उभे राहण्याच्या त्या काळात ते पात्र ज्या भावनेवर थिजले ती भावना डोळ्यांत टिकवावी लागते, आणि त्याची तालीम संवादांइतकीच घ्यावी लागते.

पात्रनिवड जोडीने, एकेकट्याने नव्हे

एकेकाला बोलावून स्वगत म्हणायला लावणे, ही पद्धत समूहाच्या नाटकासाठी अपुरी आहे. स्वगत उत्तम म्हणणारा माणूस दुसऱ्याचे वाक्य संपण्याची नुसती वाट पाहत उभा राहणारा निघू शकतो. म्हणून चार-चार जणांना एकत्र बोलवावे, एखादा तुकडा वाचायला द्यावा आणि दिग्दर्शकाने बोलणाऱ्याकडे न पाहता इतर तिघांकडे पाहावे. समोरच्याच्या शब्दाने ज्याचा चेहरा बदलतो त्याच्या नावापुढे खूण करावी. ज्याचे डोळे पुढच्या वाक्यासाठी कागदावर धावत असतात, त्याच्याविषयी सावध असावे.

दुसरी चाचणी आवाजांची. निवडलेल्या नऊ जणांना ओळीने बसवून प्रत्येकाला एकच वाक्य म्हणायला लावावे आणि आपण डोळे मिटून ऐकावे. कोण बोलले ते ओळखता आले नाही, तर त्या दोन आवाजांत घोळ आहे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ओठांची हालचाल दिसत नाही. गर्दीच्या प्रवेशात तो आवाजावरूनच माणूस ओळखतो. एकाच पट्टीतले दोन आवाज भावा-भावांना शोभतात, परंतु भांडणाऱ्या दोघांना शोभत नाहीत. उंची, अंगकाठी आणि चाल यांचाही असाच विचार करावा.

मंडळात एक नावाजलेला नट असतोच, ज्याने मागच्या वर्षी अभिनयाचे पारितोषिक मिळवलेले असते. त्याला घ्यावे की नाही, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. माझे मत असे, की अवश्य घ्यावे, पण सर्वांत कमी संवादांच्या भूमिकेत. तो हे मान्य करतो का, यावरून पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज येतो, आणि मान्य केले तर बाकीच्यांची मोजणी आपोआप बंद पडते.

छत्तीस नाती

नऊ पात्रे असली, की त्यांच्यात छत्तीस जोड्या होतात; सातांच्या एकवीस आणि बारांच्या सहासष्ट. प्रत्येक जोडीसाठी एक ओळ लिहून काढावी. ‘काका आणि काकू : नवरा-बायको’ अशी ओळ कामाची नाही. ‘काकूने काकांकडे गेल्या आठवड्यात पैसे मागितले होते, काकांनी विषय बदलला’ अशी ओळ कामाची आहे, कारण तीवरून काकूने काकांच्या कोणत्या वाक्याला मान वळवायची ते ठरते. ज्या दोन पात्रांचा संवाद संहितेत एकदाही येत नाही त्यांची ओळ तर आवर्जून लिहावी; ते एकमेकांशी का बोलत नाहीत, याचे उत्तर बहुधा नाटकाच्या तळाशी असते. हे काम नटांकडूनच करून घ्यावे, एका रविवारच्या सकाळी, सतरंजीवर बसून. दिग्दर्शकाने घरून तयार उत्तरे आणली, की नट ती पाठ करतात आणि विसरतात.

वाचन

पहिली तीन-चार वाचने बसूनच करावीत. दुसऱ्या वाचनाला भूमिकांची अदलाबदल करावी, म्हणजे ज्याने आजीवर ओरडायचे आहे त्याने आजीचे संवाद वाचून पाहावेत. तिसऱ्या वाचनात प्रत्येकाने आपल्या प्रतीच्या समासात, आपले पात्र गप्प असताना त्याला काय हवे आहे ते लिहावे. ‘येथून उठून जायचे आहे’, ‘भावाने माझ्याकडे पाहावे’, ‘भूक लागली आहे’ इतके साधे चालते. पाठांतराची तारीख या टप्प्यावर जाहीर करावी आणि ती पाळावी, कारण हातात कागद असलेला नट ऐकू शकत नाही.

नाशिकचे घड्याळ आणि तालमीचे वेळापत्रक

येथे थोडा हिशेब करावा लागेल. प्रत्येक नट दहा दिवसांतून एकच दिवस गैरहजर राहतो, असे धरू. ही हजेरी चांगलीच म्हणायची. तरीही नऊच्या नऊ जण एकाच संध्याकाळी हजर असण्याची शक्यता शंभरात एकोणचाळीसच्या आसपास येते. म्हणजे दहा तालमींपैकी सहांत कोणीतरी नसणारच, आणि यात कोणाचा आळस नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळी दर आठवड्याला बदलते, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो नट संध्याकाळी मिळतच नाही. नाशिकरोडहून येणारा द्वारकेच्या चौकात अडकतो. द्राक्षाचा बाग असलेला नट ऑक्टोबरच्या छाटणीत किंवा अवकाळीचे ढग आले की फोनही उचलत नाही, आणि त्याला बोल लावणे शहाणपणाचे नाही.

उपाय असा, की पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून पुढच्या आठ आठवड्यांच्या पाळ्या, परीक्षा आणि घरची कार्ये लिहून घ्यावीत आणि ती दोन रंगांच्या कोष्टकाशेजारी लावावीत. आठवड्यातले चार दिवस तीन-चार जणांच्या तुकड्यांना द्यावेत. सगळ्यांनी यायचे ते फक्त रविवारी सकाळी आणि एका ठरलेल्या संध्याकाळी. ज्याला बोलावले नाही त्याने खरोखरच येऊ नये. कोपऱ्यात बसून मोबाइल पाहणारे चार जण तालमीतली हवा पातळ करतात. गैरहजर नटाच्या जागी रंगमंच व्यवस्थापकाने नुसते संवाद वाचू नयेत. त्याच्या जागेवर उभे राहून, त्याच्या हालचालींसह वाचावेत, नाहीतर उरलेल्यांना रिकाम्या हवेशी बोलायची सवय लागते.

जागा, नजर आणि एक सही

तालमीची जागा मिळेल ती असते : शाळेचा वर्ग, मंगल कार्यालयाचा गच्चीवरचा हॉल, कोणाच्या तरी घराची पार्किंग. ज्या नाट्यगृहात प्रयोग आहे तेथे जाऊन रंगमंचाची रुंदी, खोली आणि विंगांची तोंडे टेपने मोजून घ्यावीत आणि तेच माप तालमीच्या फरशीवर खडूने आखावे. कालिदास कलामंदिराच्या मोठ्या रंगमंचावर ऐसपैस वाटणारी रचना सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात दाटीवाटीची होते, आणि उलट दिशेने गेलात तर नऊ माणसे विखुरल्यासारखी दिसतात.

हालचाली बसवताना सर्वांत मोठी चूक नजरेची होते. ती एका उदाहरणाने सांगतो. पंचवटीतील एका जुन्या वाड्याच्या विक्रीवरचे नऊ पात्रांचे नाटक आमच्या मंडळाने बसवले होते. त्यातल्या कळीच्या प्रवेशात सात जण समोर होते : आजी, मोठे काका, काकू, धाकटा भाऊ, माहेरी आलेली आत्या, पुतण्या आणि बिल्डरने पाठवलेला माणूस. कागद आजीसमोर ठेवला जातो, काका म्हणतात, “आई, इथं सही कर,” आणि आजी पेन उचलायला बराच वेळ घेते. पहिल्या तालमीत आम्ही सगळ्यांना आजीकडे पाहायला लावले. सहा माना एकाच दिशेला वळल्या आणि प्रवेश जागच्या जागी गोठला. बोलणारा बदलला की सहाही माना त्याच्याकडे वळत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की आत टेबल टेनिसचा सामना चालू आहे.

मग आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न दिला : या क्षणी तुमच्या पात्राला कोणाच्या चेहऱ्याची भीती वाटते? काका आजीकडे न पाहता आत्याकडे पाहू लागले, कारण ती हिस्सा मागेल ही त्यांची धास्ती. आत्या पेनाकडे पाहू लागली. काकूने आजीच्या हाताकडे पाहिले, बांगड्यांकडे. धाकट्या भावाला कोणाच्याही नजरेला नजर द्यायची नव्हती, म्हणून त्याने चहाचे कप गोळा करायला घेतले. पुतण्या आपल्या बापाकडे, म्हणजे त्या कप गोळा करणाऱ्या माणसाकडे, पाहत राहिला. बिल्डरच्या माणसाने घड्याळ पाहिले आणि लगेच ते पाहिल्याचे लपवले. आजीकडे आता एकही माणूस पाहत नव्हता, आणि प्रेक्षागृहातले सर्व जण फक्त आजीकडे पाहत होते. संहितेतला एक शब्दही न बदलता प्रवेश उभा राहिला. कपाचा आवाज मात्र आम्ही अनेकदा बसवला. तो आजीच्या पेनाचे टोपण उघडण्याच्या आधी थांबायला हवा होता, आणि धाकट्या भावाचे काम करणाऱ्या नटाला प्रत्येक वेळी एक कप उरतच असे. शेवटी आम्ही ट्रेमधला एक कप कमी केला.

यातून काढता येणारे नियम थोडेच आहेत. एका वेळी रंगमंचावर नजरेच्या तीन तरी दिशा असाव्यात, परंतु ज्या क्षणी सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहावे असा क्षण असेल तो नाटकभर एकदाच, फार तर दोनदा, खर्च करावा. उभे, बसलेले, वाकलेले आणि जमिनीवरचे अशा निरनिराळ्या पातळ्या वापराव्यात. सात जण एका रेषेत उभे राहिले, की सामूहिक छायाचित्र होते. दुसऱ्याच्या वाक्यावर हालचाल करायची असेल तर वाक्याच्या आधी किंवा नंतर करावी, मध्ये केली तर वाक्य मारले जाते. आणि गप्प बसलेल्या नटाला कामाला लावताना ते काम खरेच हवे. वाटाणे सोलायचे तर वाटाणेच सोलावेत, हवेत बोटे नाचवू नयेत.

एकावर एक बोलणे

मराठी घरात चार माणसे भांडताना आपापली पाळी येण्याची वाट पाहत नाहीत. रंगमंचावर मात्र नट सभ्यपणे थांबतात आणि भांडण वादविवाद स्पर्धेसारखे होते. सगळ्यांनी एकदम ओरडणे, हाही उपाय नव्हे, कारण मग काहीच ऐकू येत नाही. अशा तुकड्यात प्रेक्षकाला कळलीच पाहिजेत अशी वाक्ये अधोरेखित करावीत. ती पाच-सहा निघतील. बाकीची वाक्ये त्यांच्या खाली वाहू द्यावीत. महत्त्वाचे वाक्य येण्याच्या क्षणी इतरांचा श्वास घेण्याचा क्षण जुळवावा, म्हणजे गलबला चालू असतानाच एक फट पडते आणि वाक्य त्या फटीतून बाहेर येते. हे कानाने बसते, म्हणून दिग्दर्शकाने या तालमीत रंगमंचाकडे पाठ करून बसावे.

गर्दी बसवताना

नऊ बोलणाऱ्या पात्रांखेरीज दहा-बारा जणांचा जमाव असेल, तर जर्मनीतील माइनिंगेनच्या नाटक मंडळीची रीत आजही उपयोगी पडते. ड्यूक गेओर्ग दुसरा याच्या आश्रयाखालील ही मंडळी १८७४ मध्ये बर्लिनला गेली आणि पुढे युरोपभर फिरली. जमावाचे लहान गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक अनुभवी नट प्रमुख द्यायचा आणि आज मोठी भूमिका करणाऱ्याने उद्या जमावात उभे राहायचे, अशी त्यांची शिस्त होती. १८९० मध्ये मॉस्कोत ही मंडळी पाहून रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की प्रभावित झाला होता.

आपल्याकडे समूहाचा सर्वांत धीट वापर १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ने केला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांतून उभी राहिलेली माणसांची भिंत कधी पडदा होते, कधी पुण्याचे ब्राह्मण, कधी नुसता आडोसा. तेंडुलकरांनी वापरलेली ही मांडणी तमाशा, दशावतार आणि कीर्तन यांच्या जवळची आहे. तमाशात झीलकरी मागे उभे राहून मुख्य गाणाऱ्याला सूर देतात आणि प्रसंग आला की गावकरीही होतात. हौशी मंडळांनी ‘घाशीराम’ची नक्कल करू नये, ती सगळ्यांनी करून झाली आहे. त्यातली एक शिकवण तेवढी घ्यावी : जमावाला श्वास एक असावा, पण चेहरे वेगळे असावेत. त्यासाठी जमावातल्या प्रत्येकाला नाव, धंदा आणि आज येथे येण्याचे कारण द्यावे. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव थांबल्याचा प्रवेश असेल, तर कोणाचा ट्रॅक्टर भाड्याचा आहे, कोण पहाटेपासून रांगेत आहे आणि कोण व्यापाऱ्याचा पाहुणा लागतो, हे त्या त्या नटाला माहीत हवे. तालीम सुरू करताना पाच मिनिटे सर्वांनी गोल उभे राहून, कोणीही इशारा न करता, एकाच वेळी चालणे सुरू करावे आणि एकाच वेळी थांबावे. पहिल्या आठवड्यात हसू येते, तिसऱ्या आठवड्यात जमते.

कॅमेऱ्यासमोर

लघुपट किंवा मालिकेसाठी समूह बसवताना अडचण उलटी होते. नाटकात प्रेक्षक कोणाकडे पाहायचे ते स्वतः ठरवतो. पडद्यावर ते कॅमेरा ठरवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचे शॉट घेतले नसतील तर ते संकलनात आणता येत नाहीत. प्रत्येक प्रवेशाचा एक सलग मास्टर शॉट घ्यावा, नंतर बोलणाऱ्यांचे, आणि त्यानंतर केवळ ऐकणाऱ्यांचे स्वतंत्र शॉट घ्यावेत. हे शेवटचे काम सूर्य मावळत आला म्हणून गाळले जाते, आणि संकलनाच्या टेबलावर बसल्यावर सर्वांत आधी त्याचीच आठवण होते.

सिडनी ल्युमेट यांनी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये एका खोलीतल्या बारा जणांचे चित्रण करताना आधी दोन आठवडे नाटकासारख्या तालमी घेतल्या. नंतर एका खुर्चीची प्रकाशयोजना झाली, की शक्य तेवढे त्या खुर्चीवरचे सगळे शॉट एकदम उरकले जात, कथेचा क्रम काहीही असो. तालमी झालेल्या असल्यामुळेच नटांना आपण भांडणाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत ते उमगत होते. कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर, पुढे त्या पातळीला आणि शेवटी तिच्या खाली, असा उतरत गेला व लांब पल्ल्याच्या भिंगांनी खोली आवळत आणली. कमी खर्चाच्या लघुपटालाही हे परवडते, फक्त ट्रायपॉडची उंची कागदावर टिपून ठेवावी. नजरेची दिशा हाही पडद्यावरचा मोठा घोळ आहे. सहा जण गोल बसले, की कोण कोणाच्या उजवीकडे आहे ते शॉटगणिक बदलू लागते. म्हणून बैठकीचा आराखडा काढून प्रत्येकाच्या नजरेचा बाण त्यावर दाखवावा.

आवाजाबाबत रॉबर्ट ऑल्टमन यांचे उदाहरण घ्यावे. ‘नॅशव्हिल’ (१९७५) मध्ये चोवीस प्रमुख पात्रे आहेत, आणि एकावर एक बोलणारी माणसे त्यांना चालत, कारण नटांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित होत. आपल्याकडे एकच माइक असेल, तर एकावर एक बोलणे चित्रणात टाळावे, प्रत्येकाचे वाक्य सुटे घ्यावे आणि गलबला संकलनात चढवावा. मराठीत समूहपटाचा पाठ घ्यायचा तर ‘सिंहासन’ (१९७९) पुन्हा पाहावा, आणि या वेळी निळू फुले यांच्या पत्रकाराकडे तो बोलत नसताना लक्ष ठेवावे.

बदली, रंगीत तालीम, नामावली

नऊ जणांत एकाला ताप येणार, हे गृहीत धरावे. प्रत्येक भूमिकेला वेगळा बदली नट ठेवणे हौशी मंडळाला शक्य नसते, म्हणून दोन चपळ माणसे घ्यावीत, एक स्त्री आणि एक पुरुष, आणि त्यांनी चार-चार भूमिकांच्या हालचाली लिहून ठेवाव्यात. एका स्पर्धेच्या सकाळी आमचे मोठे काका अपघातामुळे येऊ शकले नाहीत. बदली नटाला संवाद येत होते. मात्र सहीच्या प्रवेशात तो आजीकडे पाहू लागला आणि बाकीचे पाचही जण नकळत तिकडेच पाहू लागले. तेव्हापासून बदलीच्या वहीत संवादांइतकीच नजरही लिहिली जाते.

रंगीत तालमी दोन घ्याव्यात. पहिली अडखळत झाली तरी चालेल, कारण तीत कपडे, नेपथ्य आणि प्रकाश यांचीच तालीम असते. पदर अडकतो, दाराची कडी लागत नाही, दिव्याच्या कक्षेबाहेर दोघे उभे राहतात. दुसरी मात्र कोणत्याही कारणाने थांबवू नये. त्या दिवशी प्रॉम्प्टरला विंगेत बसवू नये. संवाद पडला, तर इतर आठ जण तो कसा उचलतात तेच पाहायचे असते. ज्या मंडळात ऐकण्याची सवय लागलेली असते, तेथे पडलेले वाक्य शेजारचा आपल्या वाक्यात घालून पुढे नेतो आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही.

हस्तपत्रिकेत आणि फलकावर नावे प्रवेशानुक्रमे छापावीत आणि सगळ्यांची अक्षरे एकाच आकाराची ठेवावीत. या बाबतीत धंदेवाईक जगही कधीकधी शहाणपण दाखवते : ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेतल्या सहा नटांनी मानधनाची बोलणी एकत्र केली आणि शेवटच्या दोन पर्वांत सहाही जणांना भागामागे सारखेच, दहा लाख डॉलर मिळाले. आपल्याकडे वाटायला तेवढे काही नसते. जाण्यायेण्याचा खर्च आणि तालमीनंतरची मिसळ, एवढेच. तरीही जे असेल ते सारखे वाटावे आणि हिशेब सर्वांना दिसेल अशा वहीत लिहावा.

शेवटचे अभिवादनही तालमीत बसवावे लागते. नऊ जणांनी एकाच रांगेत, एकत्र येऊन, एकदाच वाकावे. रांगेत कोणी कोठे उभे राहायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि पडदा पडेपर्यंत कोणीही रांग सोडून पुढे येऊ नये, ओळखीचा माणूस पहिल्या रांगेत बसलेला असला तरीही.